मर रोगाची साक्ष



फळांनी लगडलेले टोमॅटोचे झाड भर दुपारी मान टाकते. शेतकरी म्हणतो, पाणी कमी पडले, आणि पाणी सोडतो. संध्याकाळी झाड सावरते. पण असे काही दिवस गेले की ओल्या वाफ्यातच ते वाळून जाते. याला आपण 'मर' म्हणतो. नाव बोलके आहे खरे, पण 'ताप आला' म्हटल्याने हिवताप की विषमज्वर हे जसे कळत नाही, तशातलाच हा प्रकार.

फ्युजेरियम नावाची बुरशी मातीतून मुळांत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते. नळ्या तुंबल्या, की झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते! प्रथम खालची पाने पिवळी पडतात. पुष्कळदा झाडाच्या एकाच अंगाची, क्वचित एकाच पानाच्या अर्ध्या भागाची. बुंध्याजवळ खोड उभे चिरले, तर सालीखाली तपकिरी रेघा दिसतात.

मात्र एवढ्यावर निकाल देऊ नये. जीवाणूंनी होणाऱ्या मरीतही आतून रंग बदलतो. फक्त तिथे झाड बहुधा हिरवेपणीच कोलमडते. म्हणून बुंध्याचा ताजा तुकडा कापून त्याचे टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात अलगद धरावे. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरला, तर जीवाणू समजावा. बुरशीच्या मरीत असा धागा निघत नाही.

हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. टोमॅटोवरची फ्युजेरियमची जात टोमॅटोलाच मारते. वांग्याला ती मर आणीत नाही. जीवाणू मात्र टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, कोणालाच सोडीत नाही. कोकणात आणि गोव्यात वांगी लावणारांना त्याचा जाच चांगला ठाऊक आहे. तेव्हा टोमॅटो मेला म्हणून त्याच रानात वांगी लावणारा, रोग न ओळखल्यास, दुसऱ्यांदा बुडतो. पानांवर औषध फवारण्याचा खर्च तर दोन्हीकडे वायाच!

मुळांवर गाठी असल्या तर सूत्रकृमी आहेत. तेच बुरशीला वाट मोकळी करून देतात. म्हणून झाड उपटू नये, मुळांसकट खणून काढावे. शंका राहिलीच, तर तसेच झाड कृषी विद्यापीठाच्या रोगतज्ज्ञांकडे न्यावे. पण ते अर्धवट सुकलेले असावे. पुरते वाळलेल्या झाडात मेल्यानंतर शिरलेल्या बुरशांचीच गर्दी असते.