हंसातली मिणमिणती जोडी

स्वाती, चित्रा, अभिजित ही ताऱ्यांची नावे आपण हौसेने मुलांना ठेवतो. हंस तारकासमूहात मात्र एक तारा असा आहे, की त्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे: 61 सिग्नी. शहरात तो दिसत नाही. अंधाऱ्या रात्रीही जेमतेम दिसतो. तरीही माणसाने सूर्यापलीकडच्या ताऱ्याचे अंतर भरवशाने सांगितले, ते पहिल्यांदा याचेच.

खरे तर हा एक तारा नव्हे, जोडी आहे. पालेर्मोच्या जुझेप्पे पियात्सीला ती आकाशात भराभर सरकताना आढळली आणि तिला ‘उडता तारा’ म्हणू लागले. भराभर म्हणजे चंद्राच्या रुंदीइतके सरकायला सुमारे साडेतीनशे वर्षे! पण बाकीचे तारे त्याहूनही संथ. एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेची झाडे पळतात, दूरचा डोंगर हलत नाही. जो तारा पळतो तो जवळचा असणार, असे फ्रीडरिष बेसेलने ताडले.

बेसेल मूळचा ब्रेमेनच्या व्यापारी पेढीतला उमेदवार. पुढे क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेत त्याच्या हाती फ्राउनहोफरच्या कारखान्यातली दुर्बीण आली. तिचे भिंग मधोमध कापलेले. दोन्ही अर्धी एकमेकांवरून सरकवायची, शेजारच्या ताऱ्याची प्रतिमा या जोडीच्या बरोबर मध्यावर आणायची आणि स्क्रू किती फिरला ते वाचायचे. जोडी असल्याने नेम धरायला मध्यबिंदू आयता मिळाला. ऑगस्ट 1837 पासून वर्षभराहून अधिक काळ त्याने हेच केले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून हा तारा किंचित डुलल्यासारखा दिसतो. त्या डुलण्याचा कोन निघाला एका विकलेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दोन सेंटिमीटरचे नाणे तेरा किलोमीटरवरून दिसावे, इतका! त्यावरून 1838 मध्ये अंतर निघाले 10.3 प्रकाशवर्षे. आजचा आकडा 11.4 आहे. त्या काळच्या साधनांनी इतके जवळ पोहोचणे ही अचाट कामगिरी होती.

अंतर कळले, की वजनही काढता येते. हे दोन तारे एकमेकांभोवती साडेसहाशेहून अधिक वर्षांत एक फेरी घेतात. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये लिहून झाली, तेव्हापासून त्यांची जेमतेम एक फेरी झाली आहे. दोघांमधले सरासरी अंतर सूर्य-प्लूटो अंतराच्या दुपटीहून जास्त. केप्लरच्या नियमात हे आकडे घातले, की दोघांचे एकूण वस्तुमान मिळते; त्यात मोठ्याचा वाटा सूर्याच्या सुमारे 0.7 पट आणि धाकट्याचा 0.63 पट. दोघेही सूर्याहून थंड, पृष्ठभागाचे तापमान चार हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणून रंग नारिंगी. मोठ्याचा प्रकाश सूर्याच्या सुमारे 15 टक्के, धाकट्याचा त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त.

पाऊस सरला, की दिवाळीच्या आसपास अमावास्येला गावाबाहेर जा. रात्री आठच्या सुमारास हंसाचा ठळक तारा डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो. नकाशा घेऊन त्याच्या जवळपास शोधा. लहान दुर्बिणीतून दोन नारिंगी ठिपके वेगवेगळे दिसतील.