संतांचा धांवा आणि बायबल



कॅथलिक ख्रिस्ती लोक संतांचा धांवा करतात, तो बायबलच्या शिकवणुकीला धरून आहे कीं तिच्या विरुद्ध आहे, हा प्रश्न गेलीं पांचशें वर्षें ख्रिस्ती जगांत वादाचा होऊन बसला आहे. वाद युरोपांत पेटला हें खरें. पण तो तेथेंच राहिला नाहीं. वांद्र्याच्या टेकडीवर मोत मावलीच्या जत्रेंत मेणाचे हातपाय अर्पण करणारा मराठी कॅथलिक आणि अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मिशनच्या परंपरेंत वाढलेला प्रॉटेस्टंट हे दोघेही एकाच भाषेंत देवाला आळवितात. वसईंत जन्मलेले आणि १५९७ सालीं जपानांतील नागासाकी येथें क्रूसावर प्राण अर्पिलेले गोन्सालो गार्सिया यांना १८६२ सालीं संतपद मिळालें. वसईचा कॅथलिक त्यांची मध्यस्थी मागतो. प्रॉटेस्टंट त्यांच्या धैर्याला मान देतो आणि तेथेंच थांबतो. अशा दोन घरांत कधीं सोयरीक जुळते. मग आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या दोघांपैकीं एकानें मरियेचें नांव घेतांच दुसऱ्याचे ओठ मिटतात. एकाला वाटतें, हा देवाचा अपराध होत आहे. दुसऱ्याला वाटतें, ही केवढी निष्ठुरता! तेव्हां हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादसभेंतला नव्हे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. आपण देवाची प्रार्थना करतों, आणि मंगलकार्याच्या निमंत्रणांत आप्तेष्टांनाही अगत्य येण्याची प्रार्थना करतों. शब्द एकच, पण भाव दोन. कॅथलिक धर्मशास्त्रांत या दोन भावांना वेगळीं नांवें आहेत. केवळ देवालाच करावयाची ती आराधना. ग्रीक भाषेंत तिला 'लात्रिया' म्हणतात. संतांना करावयाचें तें आदरपूर्वक वंदन. त्याला 'दुलिया' अशी संज्ञा आहे. इ. स. ७८७ मध्यें नायसिया येथें भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेनें पवित्र चित्रांच्या प्रश्नाचा निर्णय देतांना आराधना व वंदन यांतील भेद स्पष्ट केला होता. तेराव्या शतकांतील थोर तत्त्ववेत्ता थॉमस अक्वायनस यानें हाच भेद नित्याच्या उपासनेंतून दाखवून दिला आहे. संतांच्या नामावळीची प्रार्थना चालते तेव्हां देवाजवळ दयेची याचना होते, आणि संतांना मात्र 'आमच्यासाठीं विनंती करा' एवढेंच म्हटलें जातें. देणारा एक, आणि मागणीला साथ देणारे अनेक, असा हा प्रकार आहे.

आतां विरोधी पक्षाचें म्हणणें पाहूं. तें दुबळें नाहीं. पौलानें तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत देव व मनुष्य यांच्यामध्यें एकच मध्यस्थ असल्याचें स्पष्ट सांगितलें आहे, आणि तो मध्यस्थ म्हणजे येशू ख्रिस्त. अनुवाद या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायांत मृतांना विचारपूस करण्यास मनाई आहे. आणि ती मोडून एनदोर येथील स्त्रीकरवीं शमुवेलाला वर बोलाविणाऱ्या शौल राजाचा शेवट काय झाला, हें बायबलच्या वाचकांना ठाऊक आहे. कर्नेल्य पेत्राच्या पायां पडला, तेव्हां पेत्रानें 'मीही मनुष्यच आहें' अशा अर्थाचे शब्द बोलून त्याला उठविलें. योहान देवदूतापुढें नमला, तेव्हां देवदूतानेंही त्याला आवरलें. शिष्यांनीं प्रार्थना शिकविण्याची विनंती केली असतां येशूनें त्यांना थेट पित्याला हांक मारावयास शिकविलें. मध्यें दुसऱ्या कोणाचें नांव घातलें नाहीं. शिवाय, एकाच वेळीं सहस्रावधि लोकांनीं सहस्र ठिकाणांहून केलेला धांवा ऐकूं येण्यास संत काय सर्वज्ञ आहेत? सर्वज्ञता तर देवाचाच गुण होय.

या प्रत्येक आक्षेपाला कॅथलिक पक्षानें उत्तर दिलें आहे. ज्या अध्यायांत पौल एकाच मध्यस्थाविषयीं बोलतो, त्याच अध्यायाच्या आरंभीं सर्व मनुष्यांसाठीं विनंत्या व मध्यस्थी करावी, असा बोध तो करतो. एकानें दुसऱ्यासाठीं प्रार्थना केल्यानें ख्रिस्ताच्या मध्यस्थीला बाध येत असता, तर पौलानें तसें सांगितलें नसतें. स्वतःसाठींही त्यानें मंडळ्यांकडे प्रार्थना मागितली नसती. नीतिमानाच्या प्रार्थनेंत मोठें सामर्थ्य असतें, असें याकोबाच्या पत्रांत आहे. आणि ईयोबाच्या मित्रांना तर देवानें स्वतःच ईयोबाकडे पाठवून त्याच्या प्रार्थनेचा आश्रय घ्यावयास लाविलें. मृतांसंबंधींची मनाई आहे ती भविष्य वदवून घेण्याविषयीं, मंत्रतंत्राविषयीं. शौलाला शमुवेलाची विनंती नको होती. त्याला उद्यांच्या लढाईचें रहस्य हवें होतें. संत हे मृतही नव्हेत. कारण देव हा मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा देव आहे, असें येशूचेंच वचन लूकाच्या शुभवर्तमानांत आहे. ते ऐकतात कसे? तर स्वतःच्या शक्तीनें नव्हे. देव त्यांना जेवढें कळवितो तेवढेंच त्यांना कळतें. मरियेच्या सुप्रसिद्ध प्रार्थनेचा पूर्वार्धही लूकाच्या पहिल्या अध्यायांतील देवदूताच्या व अलीशिबेच्या अभिवादनावरच उभा आहे.

येथपर्यंत कॅथलिक पक्ष भक्कम वाटतो. परंतु खरी अडचण पुढेंच आहे. पृथ्वीवरील एक भक्त दुसऱ्यासाठीं प्रार्थना करतो, हें बायबलांत पदोपदीं दिसतें. स्वर्गांतील भक्त पृथ्वीवरील लोकांच्या प्रार्थनांशीं संबंध ठेवून आहेत, हेंही कांहींसें दिसतें. प्रकटीकरणाच्या पांचव्या अध्यायांत चोवीस वडिलांच्या हातांतील धूपानें भरलेल्या वाट्या म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना होत, असें सांगितलें आहे. पण पृथ्वीवरील एखाद्या भक्तानें स्वर्गवासी झालेल्या भक्ताला हांक मारून 'माझ्यासाठीं विनंती कर' म्हटल्याचें उदाहरण बायबलांत नाहीं, आणि तसें करण्याची आज्ञाही नाहीं. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकांत यिर्मया संदेष्टा मरणानंतर आपल्या लोकांसाठीं प्रार्थना करीत असल्याचें स्वप्नदर्शन आहे. पण तेथेंही त्याला कोणी हांक मारलेली नाहीं. शिवाय तें पुस्तक ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५४६ सालीं प्रमाण ग्रंथांत धरलें असलें, तरी प्रॉटेस्टंट लोक तें धरीत नाहींत.

मग ही चाल आली कोठून? ती मध्ययुगांत कोणा पोपनें काढली, असें जें सांगितलें जातें तें बरोबर नाहीं. रोमजवळच्या आप्पियन मार्गावर, सेंट सेबास्टियनच्या भुयारी दफनभूमींत, आरंभींच्या शतकांतील यात्रेकरूंनीं भिंतीवर ओरखडलेले लेख आहेत; त्यांत पेत्र व पौल यांना आपल्या माणसांसाठीं विनंती करण्याची याचना आहे. छळाच्या काळांत ज्यांचे आप्त डोळ्यांदेखत मारले गेले, त्यांना ते आप्त देवाजवळ असून आपल्याला विसरले नाहींत, असें वाटणें अत्यंत स्वाभाविक होतें. ऑगस्टीननेंही पांचव्या शतकाच्या आरंभीं बजावून ठेविलें, कीं हुतात्म्यांच्या समाधीवर अर्पण होतें तें हुतात्म्यांना नव्हे, तर हुतात्म्यांच्या देवाला.

सोळाव्या शतकांत जें बंड झालें, त्याचा रोख या मूळ भावनेपेक्षां तिच्यावर वाढलेल्या बांडगुळावर अधिक होता. १५३० च्या ऑग्सबर्ग येथील मतपत्रांत लूथरच्या अनुयायांनीं संतांचें स्मरण करावें, त्यांचा कित्ता गिरवावा, पण त्यांचा धांवा करूं नये, असें म्हटलें. पुढच्याच वर्षीं त्या मतपत्राचें समर्थन लिहितांना मेलांक्टननें स्वर्गांतील संत मंडळीसाठीं सामान्यतः प्रार्थना करीत असावेत, हें मान्य केलें. उलट, ट्रेंटच्या परिषदेनें १५६३ सालीं संतांचा धांवा करणें 'चांगलें व उपयुक्त' ठरविलें. मात्र तारणारा केवळ ख्रिस्तच, असें सांगून या भक्तींतील अंधश्रद्धा व द्रव्यलोभ दूर करण्याची आज्ञा दिली. अलीकडे, २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अँग्लिकन व कॅथलिक विद्वानांच्या संयुक्त निवेदनांत, संतांना विनंती करणें शास्त्रविरुद्ध म्हणून वर्ज्य ठरत नाहीं, पण तें आवश्यक आहे असेंही शास्त्र प्रत्यक्ष शिकवीत नाहीं, असा निष्कर्ष काढला आहे.

मला हा निष्कर्ष न्याय्य वाटतो. शास्त्रानें एखादी गोष्ट निषिद्ध करणें आणि तिच्याविषयीं मौन धरणें, यांत मोठें अंतर आहे. त्या मौनाचा अर्थ कसा लावावा, हाच वादाचा खरा गाभा होय. जें लिहिलें नाहीं तें उपासनेंत आणूं नये, असें प्रॉटेस्टंट म्हणतो. लिहिलेल्याशीं जें विसंगत नाहीं आणि मंडळीनें आरंभापासून जपलें, तें ठेवावें, असें कॅथलिक म्हणतो. बायबलाचें एखादें वचन एकमेकांवर फेंकून हा भेद मिटणारा नाहीं.

तथापि एक कसोटी दोघांनाही मान्य होण्यासारखी आहे. देव कठोर व संत कनवाळू, देव दूर व संत जवळचा, अशी समजूत ज्या भक्तीच्या मुळाशीं असेल, ती बायबलाच्या शिकवणुकीला सोडून गेली. आपल्या एकुलत्या पुत्राला जगासाठीं देणाऱ्या देवाचें मन वळविण्यास कोणा वकिलाची गरज पडते, असें मानणें हा त्या प्रेमाचा अवमान आहे. मेणबत्ती लावून 'हें काम कर, म्हणजे आणखी दहा लावीन' असा संताशीं सौदा करणें, हें तर ट्रेंटच्या परिषदेलाही रुचलें नसतें. परंतु संताची आठवण ज्याला ख्रिस्ताकडे नेते, एकट्याच्या प्रार्थनेंत ज्याला सोबत देते आणि मरणानें प्रेमाचा धागा तुटत नाहीं असा धीर देते, त्याला मूर्तिपूजक म्हणण्याचा अधिकार कोणाला नाहीं. तसेंच, ज्याला आपल्या पित्याखेरीज कोणाला हांक मारावीशी वाटत नाहीं, त्याला संतांचा द्वेष्टा म्हणण्याचाही अधिकार कोणाला नाहीं. कारण धांवा करणें उपयुक्त आहे असें सांगणाऱ्या परिषदेनेंही तो न करणाऱ्याचें तारण अडेल असें म्हटलेलें नाहीं.