हुसेन खानच्या गावात स्वागत



हैदराबादच्या मराठी माणसांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

वंश, वसाहतवाद आणि मनाचे आरोग्य हा आपल्या या परिषदेचा विषय. त्याच्या खुणा या शहरातच आहेत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. त्या डासांकडून स्वतःला चावून घेणारा रुग्ण म्हणजे हुसेन खान. दर डासामागे त्याला एक आणा मिळे. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळाले. शोध थोरच होता; हुसेन खानची आठवण मात्र त्या आण्याच्या हिशेबापुरती उरली.

मनोरुग्णांची तर वंशावरून वाटणीच झाली. रांचीला १९१८ साली युरोपियनांचे इस्पितळ उघडले, भारतीयांचे १९२५ साली, वेगळे. १८७१च्या कायद्याने तर अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कागदावरून पुसला गेला. तरी पोलिसांची गाडी दिसली की त्या जमातींपैकी पारध्याचे लेकरू आजही आईच्या पदराआड दडते. ही भीती कोणत्या प्रश्नावलीत मावणार?

माझा जन्म रुग्णसेवेत गेला. किनवटच्या हद्दीजवळची एक गोंड बाई वॉर्डात होती. कागदावर शेरा होता, ‘बोलत नाही’. तेलुगूत विचारून झाले, उर्दूत झाले. अकराव्या दिवशी मी सहज मराठीत म्हटले, “जेवलीस का बाई?” ती म्हणाली, “घरी लेकरू हाय माझं.” त्या शेऱ्याखाली माझीही सही होती. ती मला अजून टोचते.

म्हणून विनंती आहे. आपले निबंध इंग्रजीत छापा, हरकत नाही. पण ज्यांच्यावर लिहिले त्यांच्या वस्तीत जाऊन, त्यांच्या बोलीत ते सांगा. चुकले असेल तर ते सांगतील.

हे ऐकणे आजच सुरू करू. इथून जवळच ए. सी. गार्ड्‌स ही वस्ती आहे. निजामाच्या आफ्रिकन घोडदळावरून तिला हे नाव पडले. तिथल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या, मंडळींचा मर्फा हा तालवाद्यांचा मेळ लग्नाच्या वरातीत सगळ्यांना हवा असतो. रंगावरून त्यांच्या मुलांना शाळेत काय ऐकावे लागते, हे आपण फारसे विचारलेले नाही. दुपारच्या पहिल्या सत्रात त्यांच्यापैकी काही जण बोलणार आहेत. प्रश्न विचारण्याआधी त्यांचे पुरते ऐकून घ्यावे, एवढेच यजमान म्हणून मागतो.