हेन्री ह्या नांवाविषयीं
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



गेल्या दिवाळीनंतर एक जोडपें आपल्या तान्ह्या मुलास घेऊन माझ्याकडे आलें. मुकादमाची गाडी दुसऱ्या दिवशीं ऊसतोडीस निघणार, म्हणून बाप्तिस्मा त्याच दिवशीं व्हावा, अशी त्यांची विनंति होती. नांव पणजोबांचें ठेवावयाचें होतें, हेन्री. सोबतच्या आजीबाईंनीं विचारलें, "फादर, ह्याचा अर्थ तरी काय?" हें एका संताचें नांव आहे, एवढेंच मीं घाईंत सांगितलें. उरलेलें उत्तर आज देतों.

हेन्री हें मूळ जर्मन 'हाइनरिख'. त्यांतील 'हाइम' म्हणजे घर आणि 'रिख' म्हणजे सत्ताधीश. ह्या दुसऱ्या शब्दाचें नातें थेट आपल्या 'राजा' शब्दाशीं आहे. तेव्हां हेन्री म्हणजे घराचा धनी. गोव्याकडील हेन्रिक्स हें आडनांवहि ह्याच नांवावरून पडलें.

ज्या संताविषयीं मीं सांगितलें, तो जर्मन सम्राट दुसरा हेन्री. जन्म ९७३, मृत्यु १०२४. त्याला व राणी कुनिगुंडा हिला अपत्य नव्हतें. त्यानें १००७ सालीं बामबेर्ग येथें धर्मप्रांत स्थापिला व आपली मोठी मालमत्ता त्यास दिली. १३ जुलैला आपण त्याचा सण पाळतों.

आपल्याजवळचा हेन्री म्हणजे पुण्याचे महागुरुस्वामी हेन्री डोरिंग. हे येशूसंघीय १८५९ सालीं जर्मनींत जन्मले व १९०७ सालीं पुण्याच्या गादीवर आले. पहिल्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें जर्मन धर्मगुरूंना येथून परत पाठविलें, त्या तडाख्यांत त्यांचेंहि पुणें सुटलें. १९२१ सालीं त्यांची नेमणूक जपानांत, हिरोशिमास झाली. १९२७ सालीं ते पुन्हां पुण्यास आले आणि १९४८ पर्यंत तेथेंच राहिले. आपला बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. पण शेजारचा नगर जिल्हा त्यांच्याच धर्मप्रांतांत, आणि आपल्यापैकीं कित्येकांचे सोयरे तिकडचे. पणजोबांचें नांव त्याच वाटेनें आलें असावें, असा माझा तर्क आहे.

खरें सांगावयाचें तर मी देशी नांवांचा कैवारी. परकीं नांवें कशाला, असें मीं ह्याच मंदिरांत म्हटलेलें आहे. परंतु ज्या नांवानें उंबऱ्यांतून इतकीं वर्षें हाक मारली गेली, त्यास आतां परकें कसें म्हणूं?

आजीबाई, तुम्ही पुढेंच बसलां आहांत. घराची किल्ली तुमच्याकडे आहे, आणि घराचा धनी सध्यां फडावरच्या कोपींत आहे. पाडव्यानंतर तो परत आला, म्हणजे त्याला माझ्याकडे घेऊन या. त्या दिवशींच्या घाईंत मीं त्याचा चेहराहि नीट पाहिला नाहीं.