रोपांबरोबर आलेला रोग



द्राक्षबागायतदाराला भुरी हा शब्द नवा नाही. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी दिसू लागली की त्याच्या जिवाला घोर लागतो. याच कुळातील दुसऱ्या एका बुरशीने युरोपातील गूजबेरीच्या बागांवर जे संकट आणले, त्याची हकीकत उद्‌बोधक आहे.

गूजबेरी म्हणजे आपला आवळा नव्हे. थंड प्रदेशातील काटेरी झुडपाचे ते लहान, आंबटगोड फळ होय. त्यावरील भुरी मूळची उत्तर अमेरिकेतील. तेथील गूजबेरीच्या जातींमध्ये तिला तोंड देण्याची शक्ती बरीच होती. युरोपीय जातींमध्ये ती नव्हती. १९०० साली हा रोग आयर्लंडमध्ये आढळला आणि १९०६ साली इंग्लंडमध्ये. कोवळे शेंडे वाकडे होऊन खुरटले. फळांवरील पांढरी भुकटी पुढे तपकिरी व जाड झाली आणि असा माल विक्रीला निरुपयोगी ठरला.

उन्हाळ्यात या बुरशीचे बीजाणू वाऱ्याबरोबर पसरतात. हिवाळ्यात ती फांद्यांच्या शेंड्यांवर व गळलेल्या पाल्यात दडून राहते. त्यामुळे पानगळीनंतर उचललेल्या रोपावरील रोग सहज नजरेतून सुटतो आणि रोपाबरोबर दूरच्या बागेत पोहोचतो.

ब्रिटनमध्ये १८७७ चा कायदा केवळ बटाट्यावरील कोलोराडो भुंग्यापुरता होता. गूजबेरीच्या भुरीमुळे १९०७ साली त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. तथापि तोवर रोग बागांत शिरला होता. रोगट शेंडे छाटून जाळणे आणि गंधकयुक्त औषधे फवारणे बागायतदारांच्या कपाळी आले. रोगास दाद न देणाऱ्या ‘इन्व्हिक्टा’सारख्या जाती पुष्कळ वर्षांनी मिळाल्या.

भारतातही १९१४ साली विनाशक कीड व रोगांविषयीचा कायदा झाला. परदेशी रोपांची बंदरांवर व विमानतळांवर तपासणी होते. परंतु गावोगावी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रोपापाशी तपासनीस उभा राहू शकत नाही. द्राक्ष असो वा स्ट्रॉबेरी, रोप विश्वासू रोपवाटिकेतूनच घ्यावे, त्याचे शेंडे व पानांची खालची बाजू निरखून पाहावी आणि काही दिवस ते बागेपासून वेगळे ठेवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना रोगट पान ओळखण्यास शिकवावे. रोग दिसताच तो न लपविता कृषी अधिकाऱ्यांस कळवावे. लपविलेल्या रोगाची झळ शेजाऱ्याच्या बागेलाही बसते.