सायकलची विद्या आम्हाला कोणी दिली?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीने मला ‘आमच्या काळातले छंद’ असा ऐसपैस विषय दिला होता. मी तो एकाच छंदावर आणला आहे, तो म्हणजे सायकल. बी विंगमधल्या एका चिरंजिवांनी मला गेल्या महिन्यात विचारलं, “आजोबा, यूट्यूब नव्हतं, गूगल नव्हतं, मग सायकलचं सगळं तुम्हाला कळायचं तरी कसं?” प्रश्न छोटा, पण उत्तर जिन्यात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज माईक मिळालाय तर देतो.

माझं बालपण पुण्यात गेलं. पुण्याला तेव्हा सायकलींचं शहर म्हणत आणि ते खरंच होतं. पण घरोघरी मुलांसाठी वेगळी सायकल नसे. वडिलांची एक, ती ऑफिसला जाणार. आमची शाळा म्हणजे भाड्याच्या सायकलींचं दुकान. मोजक्या पैशांत तासभर सायकल मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा, पण ओळख असल्याशिवाय द्यायचा नाही. “कोणाचा रे तू?” हा पहिला प्रश्न. पाय पुरत नसत, म्हणून नळीच्या मधून पाय घालून अर्धं अर्धं पायडल मारत शिकायचं. गुडघे फुटले की घरी हळद तयार.

या दुकानात पहिला धडा मिळायचा तो निवडीचा. तासाचे पैसे देऊन खटारा मिळाला तर नुकसान आपलं. म्हणून मोठी मुलं शिकवायची: पुढचं चाक उचल, फिरव, ब्रेकच्या रबरांमधून सरळ जातंय का बघ. डुगडुगलं तर चाक आऊट आहे. मग चाक धरून आडवं हलव. खडखड लागलं तर कोन सैल आहेत किंवा छर्रे गेलेत. पायडल उलटं फिरवून फ्रीव्हीलची टकटक एकसारखी येते का ऐक. दोन मिनिटांची ही तपासणी मी आजही नातवाच्या सायकलवर करतो.

दुसरे गुरू म्हणजे कोपऱ्यावरचे मिस्त्री. त्यांच्या दुकानासमोर एक लाकडी खोकं होतं, त्यावर बसायची परवानगी मिळायलाच आम्हाला काही महिने लागले. आधी घमेल्यात पाणी भरून आणायचं, पाने पुसून ठेवायचे, मग बघायला मिळायचं. बोलणं कमी. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठे येतात ते दाखवायचे, कानस मारायचे, सोल्युशन लावायचे. आम्ही लगेच तुकडा चिकटवायला पुढे सरसावलो की हातावर चापटी. सोल्युशन आधी वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच तुकडा बसवायचा. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, कारण बाभळीचा काटा तिथेच असतो. तो काढला नाही तर घरी पोचायच्या आत दुसरं पंक्चर.

चाकाचा आऊट काढताना ते रिमजवळ खडूचा तुकडा धरायचे. चाक फिरवलं की जिथे बाहेर आलंय तिथेच खडू लागतो. मग त्या बाजूची तार किंचित सैल, समोरच्या बाजूची किंचित आवळायची. किंचित म्हणजे पाव फेरा. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढच्या चाकात 32 तारा आणि मागच्या चाकात 40. मागे जास्त का? कारण माणसाचं बहुतेक वजन मागच्या चाकावर, शिवाय कॅरियरवर सिलिंडर नाहीतर मित्र. हे आम्हाला कोणी वाचून दाखवलं नाही. “मोज,” म्हणाले, आम्ही मोजल्या. “का ते सांग,” म्हणाले, आम्ही डोकं खाजवलं.

पण एका प्रश्नाचं उत्तर मिस्त्रींकडेही नव्हतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं पायडल नेहमीसारखं आवळतं, डावं उलट दिशेला. ते म्हणायचे, “उलटे असतात. सरळ केले तर पायडल निघून हातात येईल.” त्यापलीकडे काही नाही. कारण मला पुढे कॉलेजात असताना ग्रंथालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात सापडलं. मुलांनो, घरी करून बघा. मुठीत पेन्सिल सैलसर धरा आणि तिचं वरचं टोक गोल गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने फिरायला लागेल. पायाचा दाब पायडलच्या दांड्याला असाच गोल ढोसत असतो, त्यामुळे दांडा आट्यांमध्ये हळूहळू उलटा सरकतो. दोन्ही बाजूंना सरळ आटे असते, तर डावं पायडल चालवता चालवताच सुटलं असतं. मी हे जाऊन मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी शांतपणे पेन्सिल मागून घेतली, फिरवून पाहिली आणि पहिल्यांदा माझ्यासाठी चहा मागवला. नियम त्यांच्या हातात होता, कारण पुस्तकात होतं. दोन्ही एका खोक्यावर यायला काही वर्षं गेली.

छापील माहिती अशी अवचितच मिळे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीच्या बातम्या आम्ही वर्तमानपत्रातून कापून ठेवत असू. बोरघाटात पहिला येणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणत, त्याचं आम्हाला अंतिम विजेत्याहून जास्त कौतुक. रद्दीच्या दुकानात क्वचित विलायती मासिकं, साप्ताहिकं मिळत. ब्रिटनमध्ये ‘सायकलिंग’ नावाचं साप्ताहिक 1891 पासून निघत होतं. त्याचा जुना अंक हाती लागला की तो आठ-दहा घरं फिरून मगच फाटायचा. त्यातल्या जाहिरातीही आम्ही धड्यासारख्या वाचायचो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आम्ही हबच्या आधी जाहिरातीत पाहिला.

गिअर म्हणजे काय हे त्यातूनच कळलं, आणि हिशोब ही माझी जन्माची खोड, म्हणून सांगतो. समजा पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला 18, आणि चाक 28 इंची. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक 44 भागिले 18, म्हणजे सुमारे 2.44 वेळा फिरतं. अंतर पडतं साधारण साडेपाच मीटर. पुण्याहून लोणावळा 65 किलोमीटर धरलं, तर फेरे जवळजवळ बारा हजार. उतारावरचे फुकट. तीन गिअरच्या त्या हबमध्ये खालचा गिअर टाकला की एका फेऱ्याला पाऊण अंतर पडतं, म्हणजे चार मीटरच्या आसपास, आणि त्या प्रमाणात चढ हलका होतो. हे गणित मी वहीच्या मागच्या पानावर केलं तेव्हा गणिताचे मास्तर रागावले नाहीत, एवढं सांगितलं तरी पुरे.

रस्त्यांची माहिती वेगळीच. नकाशे दुर्मीळ. रस्त्याकडेचे दगड वाचायला शिकलो: पिवळ्या टोपीचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या टोपीचा राज्य महामार्ग. दोन दगडांमध्ये किती मिनिटं लागली ते घड्याळात बघितलं की वेग कळला. पुढे बँकेत लागलो आणि बदल्यांनी जिल्हे दाखवले. नव्या गावी गेलो की शाखेतल्या शिपायापासून खातेदारांपर्यंत सगळ्यांना विचारायचो. घाट कसा आहे ते एसटीच्या ड्रायव्हरला विचारावं, पाणी कुठे मिळेल ते कंडक्टरला, आणि मुक्कामाला देऊळ कोणतं ते पोस्टमनला. जुन्या गावच्या मित्राला पंधरा पैशांचं कार्ड टाकायचं: “दिवाळीत तिकडून येतो, रस्ता डांबरी आहे का?” उत्तर आठवड्याने यायचं, आणि बहुधा शेवटी असायचं, “जेवायला थांबणे.”

हे केवळ आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडात 1878 साली सायकलवरून प्रवास करणाऱ्यांचा क्लब निघाला. धोक्याच्या उतारांवर इशाऱ्याच्या पाट्या लावण्याचं काम त्या क्लबने केलं, आणि उतरायला खाणावळी कुठे, दुरुस्ती कुठे, याची यादी सभासदांना पुरवली. म्हणजे आधी गेलेल्याने मागून येणाऱ्यासाठी खूण ठेवायची. आपल्या मुंबईचं उदाहरण तर याहून मोठं आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, 1928 च्या मार्चमध्ये सुमारे 71 हजार किलोमीटर करून परतले. युरोपातून हिंदुस्थानपर्यंत चालत आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचं व्याख्यान मुंबईत ऐकून त्यांच्या मनात हे आलं, असं सांगतात. त्यांनी 1931 साली पुस्तक लिहिलं, आणि 1933 मध्ये मुंबईहून आणखी तीन पारशी तरुण निघाले. तेव्हा आई-वडिलांनी माझं आजचं भाषण मुलांना ऐकू देताना जरा विचार करावा!

आता मुद्द्याचं बोलतो. आमच्या काळात बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची, त्याला आम्ही इंट्रोड्यूसर म्हणायचो. सायकलची विद्याही तशीच मिळायची. प्रत्येक गोष्टीमागे एक माणूस उभा असे, आणि चुकीचं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी त्याला गाठता येई. हा त्या पद्धतीचा मोठा गुण.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. ज्याला ओळख नाही, तो बाहेर. आमची ताई माझ्यापेक्षा चांगली सायकल चालवायची, रोज डबल सीट मला शाळेत सोडायची. पण मिस्त्रींच्या खोक्यावर तिला कधी कोणी बसवलं नाही, पाना हातात दिला नाही. पुण्यात इतक्या मुली सायकलवर कॉलेजला जात होत्या, पण चेन पडली की त्यांनी भाऊ शोधायचा, अशीच रीत. दुसरं म्हणजे, चुकीचं ज्ञानही त्याच विश्वासाने पुढे जाई. “पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील,” हे प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलं. वास्तविक ब्रेक लावताना वजन पुढे येतं आणि पुढच्या चाकाची पकड वाढते. दोन्ही ब्रेक वापरावेत, पुढचा हळूहळू आवळत, अंग मागे सारून. तसंच “सीट खाली ठेव, दोन्ही पाय टेकले पाहिजेत.” त्याने गुडघे दुखतात. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हावा, इतकी सीट वर हवी. हे आज कोणत्याही मुलाला दोन मिनिटांत पाहायला मिळतं, मुलीलाही मिळतं, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

मग उणीव कशाची? माणसाची. गेटबाहेरच्या मिस्त्रींनी दिवाळीनंतर दुकान बंद केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा नोकरीला लागला, डोळे साथ देत नाहीत. आपल्या पार्किंगमध्ये जिन्याखाली कितीतरी सायकली धूळ खात उभ्या आहेत. त्यांत चांगल्या गिअरच्या आहेत. बहुतेकांचं दुखणं काय? हवा नाही, वालट्यूब गेली, ब्रेकची तार अडकली. व्हिडिओ सर्वांनी पाहिलेत. पण पहिल्यांदा पाना धरताना शेजारी कोणीतरी लागतं, जो म्हणेल, “पाव फेरा. बास.” आणि येत्या वार्षिक सभेपुढे त्या सायकली भंगारात देण्याचा ठराव आहे.

माझी नम्र सूचना आहे की, त्या ठरावाला सहा महिने थांबवावं. मी आजच मिस्त्रींशी बोलून आलोय. त्यांना डोळ्यांनी काम जमत नाही, पण खुर्चीवर बसून सांगायला ते तयार आहेत, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ ते दहा. सोसायटीने त्यांना मानधन द्यावं, फुकट बोलावू नये. पाने, पंप आणि घमेलं माझ्याकडचं. खोक्यावर बसायला कोणाचीही ओळख लागणार नाही, आणि पहिल्या दोन जागा मुलींसाठी. सहा महिन्यांनंतर ज्या सायकली तरीही उभ्या राहतील, त्या खुशाल भंगारात द्या, मी स्वतः टेम्पोत चढवायला येईन.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बसवली, टाक्या बांधल्या, सोलर लावलं. हे काम त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. नावं माझ्याकडे किंवा ऑफिसात सेक्रेटरींकडे द्यावीत. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.