घरचा सर्व्हर आणि राखीव वीज



बिदर शहरात महमूद गावान याने १४७२ मध्ये उभारलेल्या मदरशाची वास्तू आजही पाहणाऱ्यास थक्क करते. त्या काळी तेथे मोठा ग्रंथसंग्रह होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने वास्तूचा मोठा भाग कोसळला. संग्रह आज उरलेला नाही. ग्रंथ जमविण्यास पिढ्या लागतात. ते नाहीसे होण्यास मात्र फार काळ लागत नाही, ही गोष्ट या जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको.

बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद हा सारा भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. त्यामुळे येथील जुन्या घरांच्या पेटीत मोडी खरेदीखते, उर्दू पावत्या, मराठी पत्रे आणि कानडी दाखले एकाच कापडात बांधलेले आढळावेत, यात नवल नाही. अशा कागदांची छायाचित्रे घेऊन ती घरातील छोट्या सर्व्हरवर ठेवावयाची, म्हणजे पुण्यास किंवा हैदराबादेस असलेल्या नातलगांनाही ती पाहता येतात, ही सोय आता सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली आहे. असा सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा एक लहान संगणक, एक-दोन डिस्क आणि इंटरनेटचा राउटर. त्याला राखीव वीज किती व कशी द्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बॅटरीची दोन कामे

वीज गेली म्हणजे यंत्र बंद पडते, हा खरा धोका नव्हे. डिस्कवर लेखन चालू असतानाच वीज तुटली, तर अर्धवट लिहिलेली नोंद तशीच राहते आणि प्रसंगी संपूर्ण संग्रहाची सूचीच बिघडते. यास्तव बॅटरीचे पहिले काम म्हणजे यंत्रास सावकाश व रीतसर बंद होण्याइतका अवकाश मिळवून देणे. वीज नसतानाही यंत्र चालू ठेवणे, हे दुसरे काम होय. पहिल्यास काही मिनिटे पुरतात, दुसऱ्यास कित्येक तास लागतात. या दोहोंत गल्लत झाली, की एकतर गरजेपेक्षा मोठा खर्च होतो किंवा खर्च करूनही संग्रह सुरक्षित राहत नाही.

आधी वही, मग दुकान

एप्रिल-मे महिन्यांत वळिवाचा पाऊस आला, की वीज काही मिनिटांत अनेकदा जाते व येते. दुरुस्तीच्या दिवशी ती काही तास नसते. गावठाणातील घराची स्थिती वेगळी, शेतपंपाच्या वाहिनीवरील वस्तीची वेगळी. म्हणून प्रत्येक कुटुंबाने महिनाभर वीज केव्हा गेली व केव्हा परतली, याची नोंद वहीत करावी.

त्यानंतर यंत्रास लागणारी वीज मोजावी. अडॅप्टरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, प्रत्यक्ष खप नव्हे. भिंतीतील प्लगमध्ये बसणारे छोटे वॉटमापक बाजारात मिळते. लहान संगणक, दोन डिस्क व राउटर मिळून बहुधा ३० ते ५० वॅट भरतात. ४० वॅटचे यंत्र अहोरात्र चालले, तर महिन्यास सुमारे २९ युनिट वीज लागते.

आकड्यांचा हिशेब

यूपीएस विकत घेताना ‘६०० व्हीए’ हा आकडा पाहून ग्राहकाची फसगत होते. तो आकडा यंत्र एका वेळी किती भार पेलेल हे सांगतो. किती वेळ पेलेल, हे सांगत नाही. वेळ ठरते ती आतील बॅटरीवरून. अशा यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ ऍम्पिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. ४० वॅटच्या भारावर नवी असताना ती साधारण अर्धा तास साथ देते. सर्व्हर बंद होण्यास दोन ते पाच मिनिटे लागतात. तेव्हा ज्यांना केवळ पहिले काम साधावयाचे आहे, त्यांना एवढे साधन पुरेसे आहे.

ज्यांना आठ तास सेवा चालू ठेवावयाची आहे, त्यांनी पुढील हिशेब करावा. भार ४० वॅट. त्यात इन्व्हर्टरचा स्वतःचा खप व घट मिळून १५ वॅट धरावेत. एकूण ५५ वॅट गुणिले ८ तास म्हणजे ४४० वॅट-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये; म्हणून ८८० वॅट-तास. जुनी होताना तिची क्षमता घटते. त्यासाठी ८८० ला ०.८ ने भागावे, म्हणजे ११०० वॅट-तास होतात. त्यास १२ व्होल्टने भागता ९२ येतात. अर्थात १०० ऍम्पिअर-तासांची बॅटरी घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते. त्याच रीतीने हिशेब केल्यास तेथे १२.८ व्होल्टची ६० ऍम्पिअर-तासांची बॅटरी पुरते.

लिथियमची किंमत अधिक असली, तरी ती कित्येक पटींनी अधिक वेळा भरता-रिकामी करता येते. मात्र तिला तिच्यासाठीच बनविलेला चार्जर हवा. कलबुर्गीकडील उन्हाळ्याचाही विचार हवा. पंचवीस अंशांच्या वर तापमान दर दहा अंशांनी वाढले, की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवलेली बॅटरी म्हणूनच लवकर निकामी होते.

जोडणी

घरगुती इन्व्हर्टर सामान्यतः सर्व्हरला कोणतीही सूचना देत नाही. बॅटरी संपत आली हे यंत्रास कळत नाही आणि आठ तासांनंतर ते अचानकच बंद पडते. खर्च मोठा होऊनही पहिले काम राहून जाते, ते असे. यास्तव शुद्ध साइन लहर देणाऱ्या इन्व्हर्टरच्या पुढे सूचना-तार असलेला छोटा यूपीएस जोडावा आणि त्याची सूचना मिळताच सर्व्हर आपोआप बंद होईल, अशी योजना करावी. वीज परतताच यंत्र लगेच सुरू न करता ती दहा मिनिटे स्थिर राहिल्यावर सुरू होऊ द्यावे. वळिवाच्या दिवसांत हे विशेष अगत्याचे आहे.

छतावरील सौर पॅनेल असले म्हणजे वेगळी बॅटरी नको, हाही एक गैरसमज आहे. वीजजाळ्याशी जोडलेली साधी सौर यंत्रणा, जाळ्यातील वीज जाताच सुरक्षेसाठी स्वतः बंद होते. तसेच बॅटरी विजेच्या कडकडाटापासून रक्षण करीत नाही. त्यासाठी उत्तम अर्थिंग हवे. बिदरचे पठार जांभ्या खडकाचे आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून त्यात पाणी घालीत राहावे.

सुरक्षा आणि पडताळणी

पाण्याच्या बॅटरीतून भरताना हायड्रोजन वायू निघतो. ती हवेशीर जागी असावी. देवघरातील समईजवळ वा चुलीजवळ कदापि नसावी. तिच्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. जुनी बॅटरी भंगारात न फोडता विक्रेत्यास परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

दर तीन महिन्यांनी, ठरवून, मुख्य बटण बंद करावे आणि सर्व्हर वेळेत व रीतसर बंद होतो की नाही, हे घड्याळ लावून पाहावे. त्या दिवशीची मिनिटे वहीत लिहावीत. आकडा घटू लागला, की बॅटरी बदलण्याची वेळ जवळ आली असे समजावे.

अखेरची गोष्ट. बॅटरी विजेच्या खंडापासून रक्षण करते. आग, चोरी किंवा डिस्कचा बिघाड यांपासून नव्हे. म्हणून संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या गावी, एखाद्या नातलगाच्या घरी असावी आणि मूळ कागद पेटीत जपून ठेवावेत. मदरशातील ग्रंथांच्या दुसऱ्या प्रती कोठे होत्या, हे सांगणारा आज कोणी नाही. घरच्या कागदांबाबत तसे होऊ न देणे, हे मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.